घरच्या शेडमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे वेल्डिंग शिकताना

तीन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी करूळ घाट उतरताना माझ्या सायकलचे मागचे कॅरियर तुटले. गगनबावड्याला चहा घेऊन आम्ही चौघे वैभववाडीच्या दिशेने निघालो होतो, दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत मिळून माझ्याकडे बारा-तेरा किलो सामान होते, आणि घाटातल्या चौथ्या की पाचव्या वळणावर मागून खटकन आवाज येऊन डावीकडची पिशवी चाकाच्या आऱ्यांकडे झुकली. वेग कमी असल्यामुळे पडले नाही. जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी तो भाग कसाबसा बांधून आम्ही पुढचा प्रवास पूर्ण केला, परंतु कोल्हापूरला परतल्यावर ते कॅरियर दुरुस्त करून घेण्यासाठी मी ज्या तीन फॅब्रिकेशनच्या दुकानांत गेले, त्या तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळाले : अ‍ॅल्युमिनियमला वेल्डिंग धरत नाही, नवीन घ्या.

हे उत्तर पूर्णपणे खरे नव्हते, कारण ते कॅरियर मुळात वेल्डिंग करूनच तयार झालेले होते. शिवाजी उद्यमनगरात एक वयस्कर मिस्त्री आर्गन वेल्डिंग करतात, मोटारसायकलींच्या इंजिनांची फुटलेली कव्हरे आणि गिअरबॉक्सची घरे सांधून देतात, असे माझ्या एका रुग्णाकडून कळले, तेव्हा मी तुटलेले कॅरियर घेऊन त्यांच्याकडे गेले. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणू लागले. त्यांनी कॅरियर उजेडाकडे धरले, चिरेवरून अंगठ्याचे नख फिरवले आणि म्हणाले, “मॅडम, जोड शाबूत हाय. मोडलंय ते जोडाच्या शेजारी. ह्याला मी टाका मारीन, पन पुन्हा शेजारीच मोडंल.” जोड शाबूत असताना शेजारचा अखंड धातू का मोडावा, हा प्रश्न मला घरी आल्यावरही सोडेना. मी व्यवसायाने दंतवैद्य आहे, आणि भरलेला दात सिमेंटच्या कडेला पुन्हा का किडतो हे शोधण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे ‘जोडाच्या शेजारी’ हे शब्द माझ्या मनात रुतून बसले असावेत. पुढच्या आठवड्यात मी मामांना विचारले की मला हे काम शिकवाल का. ते लगेच हो म्हणाले नाहीत. दर रविवारी येऊन आधी नुसते बघा, असे त्यांनी सांगितले, आणि मी पाच रविवार एका स्टुलावर बसून, त्यांनी दिलेला हेल्मेट डोक्यावर चढवून, फक्त बघत होते.

त्या पाच रविवारांत कळलेली पहिली गोष्ट अशी की लोखंडावरून बांधलेले सगळे अंदाज इथे फसतात. लोखंड तापले की आधी काळपट तांबडे, मग लालभडक, मग नारिंगी होत जाते, आणि वितळण्यापूर्वी माणसाला भरपूर इशारा देते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, आणि तोवर त्याचा रंग डोळ्यांना जाणवेल इतका बदलतच नाही. मामांच्या शब्दांत सांगायचे तर, “लोखंड सांगून-सवरून वितळतंय. हे कायबी सांगत न्हाई, एकदम खाली पडतंय.” नुकताच सांधलेला तुकडा तापलेला आहे की गार, हेसुद्धा नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. हातमोज्याशिवाय काहीही उचलायचे नाही हा नियम मी तेथे पहिल्याच दिवशी घालून घेतला आणि आजवर मोडलेला नाही.

दुसरी गोष्ट धातूच्या कातडीची. उघड्या हवेत अ‍ॅल्युमिनियमवर क्षणार्धात ऑक्साइडचा थर धरतो. हा थर काही नॅनोमीटर इतकाच जाड असतो, त्याच्यामुळेच हा धातू गंजत नाही, आणि त्याच्यामुळेच तो सहजी सांधला जात नाही, कारण त्या ऑक्साइडचा वितळणबिंदू दोन हजार अंशांच्याही वर आहे. आतला धातू ६६० अंशांना पाणी झालेला असतो, पण बाहेरची पिशवी घट्टच राहते, आणि दोन तुकड्यांमधला रस एकमेकांत मिसळत नाही. हे वाचताना मला आमच्याच जिल्ह्यातले सडे आठवले. राधानगरी आणि चंदगड भागात सायकलने फिरताना जांभ्यात मिसळलेले बॉक्साइट मी अनेकदा पाहिले आहे, आणि बॉक्साइट शुद्ध करून जी पांढरी भुकटी मिळते ती हेच ऑक्साइड. ते नुसत्या उष्णतेला दाद देत नाही, म्हणूनच तर १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी स्वतंत्रपणे ते वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात विरघळवून त्यातून वीज सोडण्याची युक्ती शोधली आणि हा धातू स्वस्त झाला. कारखान्यात ज्या पदार्थातून तो एवढा खटाटोप करून बाहेर काढला जातो, त्याच पदार्थाचे पांघरूण तो हवेत येताच पुन्हा ओढून घेतो, आणि वेल्डिंग करणाऱ्याला दर वेळी ते नव्याने काढावे लागते.

पूर्वी हे काम गॅसच्या ज्योतीने आणि ऑक्साइड विरघळवणारा क्षारयुक्त फ्लक्स लावून करत. तो फ्लक्स नंतर कसोशीने धुतला नाही तर धातू पोखरला जातो. आता सर्रास वापरतात ती पद्धत म्हणजे टंगस्टनच्या न वितळणाऱ्या टोकातून आर्क, म्हणजे विजेची अखंड ठिणगी, काढणे आणि हवा दूर ठेवण्यासाठी त्याभोवती आर्गन वायूचे आवरण ठेवणे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या नॉर्थ्रप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियमसाठी ती विकसित केली, तेव्हा आवरणाला हेलियम वापरला जाई. अ‍ॅल्युमिनियमसाठी या यंत्राला प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी लागतो. प्रवाहाची दिशा सेकंदाला अनेकदा उलटते. टंगस्टन धन असतानाच्या अर्ध्या भागात पृष्ठभागावरचे ऑक्साइड उखडले जाते, आणि तो ऋण असतानाच्या अर्ध्या भागात उष्णता तुकड्यात खोल जाते. दोन्हींचे प्रमाण यंत्रावर ठरवता येते. माझ्या यंत्रावर मी बहुतेक वेळा सत्तर टक्के ऋण आणि तीस टक्के धन ठेवते, आणि वारंवारता १०० हर्ट्झ. धन भाग वाढवला तर सफाई जास्त होते, पण टंगस्टनचे टोक तापून गोळा होते. जोडाच्या दोन्ही कडांना जी पांढुरकी पट्टी दिसते, ती ही सफाई झाल्याची खूण. या सफाईवर भिस्त ठेवून मळका तुकडा चालवून घेता येत नाही, हे मला फार उशिरा कळले.

घरी परसात एक पत्र्याची शेड आहे, त्यात पूर्वी स्कूटर असे. तिथे काम सुरू करण्याआधीची तयारी मला स्वतःला अतिशय महत्त्वाची वाटते, म्हणून ती थोडी सविस्तर सांगते. मी २०० अँपिअरचे एसी-डीसी इन्व्हर्टर वेल्डिंग यंत्र घेतले, जे घरच्या २३० व्होल्टच्या एकफेजी पुरवठ्यावर चालते. परंतु पूर्ण क्षमतेने चालताना ते तीस अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते, आणि घरातल्या साध्या प्लगवर ते लावणे म्हणजे वायर जाळून घेण्यास आमंत्रण आहे. इलेक्ट्रिशियनकडून मीटरपासून स्वतंत्र सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि अर्थिंगचा नवा खड्डा करून घेतला, आणि मंजूर भारही वाढवून घेतला. शेडमधली लाकडी फळकुटे, कागद आणि रंगाचे डबे बाहेर काढले. आर्गनचा सिलिंडर भिंतीला साखळीने बांधला, कारण आत दीडशे बार दाब असतो आणि सिलिंडर पडून त्याची मान तुटली तर तो अडवता येत नाही. मी दहा लिटर पाण्याच्या क्षमतेचा लहान सिलिंडर घेतला. त्यात साधारण दीड हजार लिटर वायू मावतो, आणि मिनिटाला आठ लिटर या दराने तो जेमतेम तीन तास पुरतो. सरावाच्या काळात तो इतक्या वेळा भरून आणावा लागला की सुरुवातीलाच मोठा घेतला असता तर बरे झाले असते. यंत्र, सिलिंडर, फ्लोमीटर, पायाचे पेडल, हेल्मेट, हातमोजे आणि वायरिंग असा सगळा खर्च एक लाखाच्या थोडा पुढे गेला. छंद म्हणून ही रक्कम मोठी आहे हे मला मान्य आहे, आणि ज्याला एकच वस्तू दुरुस्त करायची आहे त्याने उद्यमनगरातल्यासारख्या जाणत्या मिस्त्रीकडेच जावे.

टंगस्टन मी निळ्या टोकाचे, म्हणजे दोन टक्के लँथेनमचे, २.४ मिलिमीटर जाडीचे वापरते. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये थोरियम असते, ते किंचित किरणोत्सर्गी आहे, आणि ते घासताना उडणारी धूळ श्वासात जाणे मला नको होते. डोळ्यांच्या बाबतीत मात्र माझी चूक झाली. हेल्मेट आपोआप काळे होणारे, अकरा क्रमांकाच्या गडद काचेचे होते, पण शेडच्या मागच्या चकचकीत पत्र्यावरून परावर्तित झालेला उजेड हेल्मेटच्या आत मागून शिरत होता आणि मला ते जाणवत नव्हते. एका शनिवारी चार तास सराव केला, आणि रात्री दोनच्या सुमारास डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारख्या वेदनांनी जाग आली. वेल्डिंगच्या दुकानांतून यावर बटाट्याचे काप ठेवण्याचा उपाय सांगतात. मी नेत्रतज्ज्ञ मैत्रिणीला फोन केला, तिच्या औषधाने आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहून दीड दिवसात आराम पडला. आर्कमधल्या अतिनील किरणांनी बुबुळाचा पृष्ठभाग भाजल्याचा तो परिणाम होता, आणि तो नेहमी काही तासांनी जाणवतो, त्यामुळे काम चालू असताना धोका कळत नाही. आता पत्र्याला काळा, चमक नसलेला रंग दिला आहे, आणि गळ्यापर्यंत बंद होणारा जाड सुती अंगरखा घातल्याशिवाय मी आर्क काढत नाही.

सरावाची सुरुवात फिलर, म्हणजे जोडात भर घालायची धातूची कांडी, न वापरता झाली. तीन मिलिमीटर जाडीच्या, चाळीस मिलिमीटर रुंद पट्टीवर नुसता आर्क काढायचा, रस तयार करायचा, आणि तो सरळ रेषेत पुढे न्यायचा, एवढेच. “आदी पानी करा, मग चालवा,” हे मामांचे वाक्य त्या काळात माझ्या कानांत सतत वाजत असे. पेडल दाबले की पहिले दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, कारण अ‍ॅल्युमिनियम उष्णता साध्या पोलादाच्या सुमारे चौपट वेगाने दूर वाहून नेते. मग पृष्ठभागावर मंद, सुरकुतलेली साय दिसते, आणि एका क्षणी ती साय फाटून आतून आरशासारखा चकचकीत ठिपका वर येतो. तो ठिपका म्हणजे रस. तो ओळखायला मला तीन आठवडे लागले. एकदा ओळखू आला की मात्र सगळे त्याच्याभोवतीच फिरते. टॉर्च, म्हणजे टंगस्टन धरलेली मूठ, फिलर आणि पाय, सगळ्यांचे काम त्या ठिपक्याची रुंदी कायम ठेवणे एवढेच आहे. पट्टीच्या सुरुवातीला ज्या प्रवाहावर रस होत नव्हता, त्याच प्रवाहावर पट्टीच्या शेवटी तो दुप्पट रुंद होतो, कारण तोवर सगळी पट्टी तापलेली असते. माझ्या पहिल्या वीस-पंचवीस पट्ट्यांच्या शेवटच्या टोकाला भोके पडलेली आहेत, आणि काहींचे टोकच गळून गेले आहे.

पायाचे पेडल मला सोपे गेले. दवाखान्यात ड्रिलचा वेग मी रोज पायानेच कमी-जास्त करते, त्यामुळे तळपायाने थोडेसे सोडणे आणि पुन्हा दाबणे अंगवळणी पडलेले होते. यंत्राच्या तबकडीवर १४० अँपिअर लावून ठेवायचे, सुरुवातीला पेडल पूर्ण दाबायचे, रस दिसताच १२० पर्यंत यायचे आणि शेवटाकडे ८०-९० पर्यंत उतरायचे, हा क्रम महिनाभरात बसला. तीन मिलिमीटरला सव्वाशेच्या आसपास, म्हणजे दर मिलिमीटर जाडीला साधारण चाळीस अँपिअर, हा ढोबळ हिशेब सुरुवातीला उपयोगी पडतो.

हातांचे मात्र तसे झाले नाही. उजव्या हातातल्या टॉर्चचे टोक धातूपासून अडीच-तीन मिलिमीटरवर, जवळजवळ उभे, प्रवासाच्या दिशेने अगदी थोडे मागे झुकलेले ठेवायचे. डाव्या हातातली फिलरची कांडी समोरून, जवळजवळ आडवी, रसाच्या पुढच्या कडेला टेकवायची, थेंबभर सोडायची, किंचित मागे घ्यायची, पण इतकी मागे नाही की तिचे तापलेले टोक आर्गनच्या आवरणाबाहेर जाईल. टोक बाहेर गेले की त्यावर काळपट ऑक्साइड धरते आणि पुढच्या थेंबाबरोबर ती घाण रसात जाते. कांडी आर्कच्या जास्त जवळ नेली तर ती रसाला टेकण्याआधीच वितळून तिचा गोळा होतो. आणि या गडबडीत टंगस्टनचे टोक रसाला लागले, की आर्क हिरवट होऊन फुरफुरतो, काळी काजळी पसरते, आणि सगळे थांबवून टंगस्टन पुन्हा घासावे लागते. एका रविवारी तासाभरात मी अकरा वेळा टंगस्टन घासले. त्या दिवशी मामांनी मला टॉर्च बाजूला ठेवायला सांगितली आणि फक्त डाव्या हाताने बोटांतून कांडी पुढे सरकवण्याचा सराव दिला. अंगठा आणि तर्जनीने ढकलायचे, उरलेल्या बोटांनी धरून ठेवायचे, पुन्हा अंगठा मागे. दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत मी दवाखान्यात खुर्चीत बसून ती कांडी पुढे सरकवत असे. माझ्या मते यंत्राच्या सर्व आकड्यांपेक्षा या सरावाने मला जास्त दिले.

स्वच्छतेकडे मी वळले ती एका पावसाळ्यामुळे. मे अखेरपर्यंत माझे जोड दिसायला बरे होऊ लागले होते, एकसारख्या खवल्यांची ओळ पडू लागली होती, आणि जूनच्या शेवटी अचानक सगळ्या जोडांत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसू लागली. यंत्र तेच, सिलिंडर तोच. कारण हवेत होते. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये हायड्रोजन भरपूर विरघळतो, धातू गोठताना त्याची जागा एकदम संपते, आणि बाहेर पडता न आलेला वायू बुडबुड्याच्या रूपात आत अडकतो. हायड्रोजन येतो तो पाण्यातून आणि तेलातून, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात शेडमध्ये ठेवलेल्या प्रत्येक पट्टीवर ओलावा धरलेला असतो. दात भरताना रसायन लावलेल्या पृष्ठभागाला लाळेचा स्पर्श झाला तर ते भरणे टिकत नाही, म्हणून मी रोज किती काळजी घेते, आणि इथे तेच मी महिनोन्‌महिने दुर्लक्षिले होते, याचे मला मनापासून वाईट वाटले.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. प्रथम स्वच्छ पांढऱ्या कापडावर ॲसिटोन घेऊन पट्टी आणि फिलरची कांडी दोन्ही पुसायची. कापड काळे येणे थांबेपर्यंत पुसायची. त्यानंतर, आणि त्यानंतरच, स्टेनलेस स्टीलच्या तारांच्या ब्रशने एकाच दिशेने घासायचे; आधी ब्रश फिरवला तर तेल ऑक्साइडबरोबर धातूत दाबले जाते. हा ब्रश फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी राखलेला असतो, कारण लोखंडावर एकदा फिरलेला ब्रश लोखंडाचे कण धातूत रुजवतो. पावसाळ्यात पट्टी आधी हॉट एअर गनने शंभर अंशांच्या आत कोमट करून ओलावा घालवायचा. ॲसिटोनचा डबा बंद करून शेडबाहेर ठेवायचा आणि तुकडा पूर्ण सुकल्यावरच आर्क काढायचा. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर पुसायला कधीही घेऊ नये; त्याच्या अंशावर आर्क पडला तर फॉस्जीनसारखा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो. दार उघडे ठेवावे लागते, कारण आर्गन हवेपेक्षा जड आहे आणि बंद जागेत खाली साचतो, आणि आर्कमुळे ओझोनही तयार होतो. पण वारा थेट टॉर्चवर आला तर आवरण उडून जाते. शेवटी मी जोडाच्या आणि दाराच्या मध्ये एक लोखंडी पत्रा उभा करून हा प्रश्न सोडवला.

सरावासाठी भंगारातून आणलेले तुकडे हा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. कोणत्या मिश्रधातूचा तुकडा आहे हे त्यावर लिहिलेले नसते. मी भंगारातून आणलेल्या एका सुरेख जाड सळीला कितीही निगुतीने सांधले तरी गार होताना जोडाच्या मधोमध उभी चीर पडे, आणि मी ते माझ्या हाताचे अपयश समजत राहिले. ती सळी बहुधा तांबे जास्त असलेल्या मिश्रधातूची असावी, आणि असे अनेक मिश्रधातू वेल्डिंगने सांधण्याजोगे नसतात. मामांनी मला दुकानातून ठरावीक मागायला शिकवले. आपल्याकडे व्यापारी अजून जुन्या नावांनी माल देतात : एचई नऊ म्हणजे खिडक्यांच्या चौकटींचा मऊ, ६०६३ क्रमांकाचा मिश्रधातू, एचई वीस म्हणजे ६०६१, एचई तीस म्हणजे दणकट ६०८२. एचई पंधरा मागून चालत नाही, कारण तो तांब्याचा, २०१४. सहा हजारच्या मालिकेतले तिन्ही धातू सांधता येतात, पण फिलरशिवाय नुसतेच वितळवून जोडले तर तेही चिरतात. फिलरमध्ये पाच टक्के सिलिकॉनची ४०४३ कांडी रसाला पातळपणा देते आणि चिरण्याचे प्रमाण कमी करते. पाच टक्के मॅग्नेशियमची ५३५६ कांडी जास्त ताकदीचा जोड देते, ताठ असल्यामुळे बोटांतून सरकवायलाही बरी पडते. मी शिकले ४०४३ वर आणि कॅरियर केले ५३५६ ने.

जोड वरून देखणा असणे आणि आतून पक्का असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे मला हातोड्याने शिकवले. काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्या व्हाइसमध्ये धरून जोडाच्या विरुद्ध बाजूने ठोकायच्या आणि मोडून पाहायच्या. पहिल्या पंधरा जोडांपैकी बारा मोडले, आणि मोडलेल्या तोंडावर कोपऱ्यात करवतीने कापल्यासारखी सरळ, न वितळलेली रेषा दिसत होती. रस दोन्ही पट्ट्यांवर पसरून वरच्या वर पूल बांधत होता, मुळापर्यंत पोहोचतच नव्हता. उपाय असा की कोपऱ्यातला धातू दोन्ही बाजूंनी वितळून एक झालेला दिसल्याशिवाय पहिला थेंब सोडायचा नाही, आणि त्यासाठी आर्क आखूड ठेवून सुरुवातीला प्रवाह धिटाईने वाढवायचा. जोडाच्या शेवटी पाय एकदम उचलला तर खळगा राहतो आणि त्यात ताऱ्यासारखी चीर पडते, म्हणून शेवटी दोन थेंब जादा घालून पाय सावकाश सोडायचा आणि वायू दहा-बारा सेकंद तसाच चालू ठेवायचा.

हे सगळे हाताशी आल्यावर, जवळजवळ चौदा महिन्यांनी, मी कॅरियरकडे वळले, आणि तेव्हा मामांचे ते पहिले वाक्य पुन्हा समोर आले. ६०६१ किंवा ६०८२ या धातूंची ताकद उष्णतेच्या संस्कारातून आलेली असते. धातूत अतिसूक्ष्म कण निर्माण करून त्याला ताठपणा दिलेला असतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतच्या पट्ट्यात ते कण वाढून विस्कटतात, त्यामुळे तेथील ताकद सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरते. फिलरचा जोड जाड असतो, तो टिकतो. बाजूचा मऊ झालेला पट्टा वाकतो आणि हजारो धक्क्यांनंतर चिरतो. भर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची सुरक्षित मर्यादा नाही. लहान धक्केही मोजले जात राहतात. माझ्या जुन्या कॅरियरमध्ये सगळ्यात जास्त वाकण्याचा ताण जिथे पडतो, नेमका तिथेच कारखान्याने आडवा जोड दिलेला होता.

म्हणून मी आराखडा बदलला. दहा मिलिमीटरच्या भरीव एचई तीस सळीचे दोन्ही बाजूंचे उभे पाय खालच्या बोल्टपासून वरच्या फळीपर्यंत अखंड ठेवले, मोठ्या त्रिज्येने वाकवले, आणि आडव्या सळ्या जिथे ताण कमी आहे अशा ठिकाणी जोडल्या. लहान त्रिज्येने वाकवण्याच्या प्रयत्नात दोन सळ्यांची बाहेरची बाजू फाटली. सळीच्या गोलाईवर दुसरी सळी नीट बसावी म्हणून प्रत्येक टोक अर्धगोल कानशीने खोबणी करून घासले, उजेड दिसणार नाही इतके जुळवले. फट ठेवून ती फिलरने भरण्याची सवय पातळ अ‍ॅल्युमिनियममध्ये घात करते. हा धातू तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो, त्यामुळे सगळे भाग एका जाड लोखंडी पत्र्यावर बोल्टने आवळून, आधी सर्व ठिकाणी टॅक, म्हणजे छोटे तात्पुरते टाके, मारून, मग समोरासमोरचे जोड आलटून-पालटून पूर्ण केले. तरीही मागचे टोक तीन मिलिमीटर तिरके झाले. एकूण सळी तीन मीटर लागली आणि वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरले. तीच सळी पोलादाची असती तर पावणेदोन किलोच्या पुढे गेली असती.

कॅरियर सायकलला लावण्याआधी मामांनी एका ओळखीच्या फाउंड्रीतून डीपी टेस्टचे, म्हणजे रंग मुरवून चिरा शोधण्याच्या चाचणीचे, तीन डबे आणून दिले. लाल रंगाचा पातळ द्रव जोडांवर फवारायचा, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, पुसून काढायचा, आणि पांढरी भुकटी फवारायची. चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. सोळा जोडांपैकी पंधरा पांढरे राहिले. डाव्या बाजूच्या खालच्या जोडाच्या शेवटी, जिथे मी पाय जरा लवकर उचलला होता, तिथे चार मिलिमीटरची बारीक लाल रेषा सावकाश उमटत गेली. ती पाहताना मला वाईट वाटले, आणि घाटात न उमटता शेडमध्ये उमटली याबद्दल फार मोठा दिलासाही वाटला. तो जोड मुळापर्यंत घासून काढला, सगळा लाल रंग ॲसिटोनने निघेपर्यंत पुसला, पुन्हा भरला, आणि पुन्हा तीच चाचणी केली. या वेळी पांढरे पांढरेच राहिले.

मामांनी तयार कॅरियर हातात घेतले, उलटे केले, आणि पुन्हा अंगठ्याचे नख जोडाच्या कडेला, ज्या ठिकाणी जुने कॅरियर मोडले होते तिथे, फिरवले. “आता हितं बगत ऱ्हावा,” ते म्हणाले. प्रत्येक मोठ्या सफरीनंतर मी पिशव्या काढते, कॅरियर ओल्या फडक्याने पुसते, दवाखान्यात वापरते ते भिंग डोळ्यांना लावते आणि सोळाही जोडांच्या कडा एकेक करून पाहते. वीस मिनिटे लागतात. गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा करूळ घाटाने खाली उतरलो, आणि वैभववाडीला पोहोचल्यावर चहा सांगण्याआधी मी खाली वाकून तेच केले.